डोहातले बियाणे



अजिंठ्याची लेणी पाहायला जगभरातून माणसे येतात. लेण्यांसमोरून वाघूर नदी वाहते. तिथे ती घोड्याच्या नालासारखे वळण घेते. ही नदी अजिंठ्याच्याच डोंगरात उगम पावते. पुढे ती खानदेशात उतरते आणि तापीला जाऊन मिळते.

पावसाळ्यात वाघूर दुथडी भरते. उन्हाळ्यात तिची धार तुटते. मग पाणी उरते ते डोहात. नदीतले जगलेवाचलेले मासेही त्याच डोहात गोळा होतात. पाऊस पडला की तेच मासे बाहेर पडतात, अंडी घालतात आणि नदी पुन्हा भरून काढतात.

घरात कितीही ओढाताण असो, शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही. बी खाल्ले तर मृगात पेरायचे काय? उन्हाळ्यातला डोह ही नदीची बियाण्याची कणगीच आहे. मासे धरण्याचे जे नियम आहेत, ते ही कणगी राखण्यासाठी आहेत.

आम्ही पाहिलेली गोष्ट

आम्ही घाटाखालच्या एका गावी शिक्षक होतो. चैत्राचे दिवस होते. एका रात्री कोणीतरी डोहात कपाशीवर फवारायचे औषध ओतले. सकाळी पाहतो तो डोह पांढरा दिसत होता. मोठे मासे, बोटाएवढी पिल्ले, खेकडे, बेडूक, सगळे मरून वर आले होते. औषध टाकणाऱ्याने दोन पाट्या मासे उचलले आणि तो गेला. बाकीचे तिथेच कुजले.

दुपारी गुरे पाण्यावर आली. एका विधवा बाईची दुभती म्हैस ते पाणी प्याली. दिवस मावळायच्या आत म्हैस गेली. त्या घराचा सगळा संसार त्या म्हशीवर चालला होता.

एक म्हातारे भोई आबा काठावर बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, जाळं टाकलं तर मासा जातो. औषध टाकलं तर नदीच जाते."

औषध कोणी टाकले हे गावाला ठाऊक होते. पण कोणी बोलले नाही. वाईटपणा कोणी घ्यायचा? आम्हीही बोललो नाही. वर्गात मुलांना नागरिकांची कर्तव्ये शिकवत होतो आणि बाहेर गप्प बसलो. ही आमची चूक झाली. म्हणून हा धडा लिहीत आहोत.

काय करू नये

१. सुरुंग लावू नये. विहीर खोदताना जिलेटिनच्या कांड्या लागतात. त्यातली एखादी कांडी काही जण डोहात टाकतात. धक्क्याने लहानमोठे सगळे मासे मरतात. पुष्कळसे तळाला जातात, हातीही लागत नाहीत. कांडी हातातच फुटली तर माणूस जन्माचा अधू होतो.

२. पाण्यात विष घालू नये. कीटकनाशक, चुना, ब्लीचिंग पावडर, गेळफळ, हिंगणबेट यांपैकी काहीही टाकू नये. औषधाने मेलेला मासा खाणे म्हणजे ते औषध पोटात घेणे होय.

३. पाण्यात वीज सोडू नये. तारेवर आकडा टाकून मासे मारणारा आपलाही जीव पणाला लावतो. ओल्या पायाला वीज ओळख दाखवत नाही.

४. मच्छरदाणीचे कापड जाळे म्हणून वापरू नये. त्यातून पिल्लूसुद्धा सुटत नाही.

५. ओढा किंवा नदी आडवी बांधून वाट बंद करू नये. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला वर चढतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. त्यांची वाट अडवली तर पुढची पिढीच अडते.

कोणती साधने चांगली

गळ चांगला. एका वेळी एक मासा येतो. लहान असेल तर हळूच सोडून देता येतो. फेकजाळे आणि तंगुसाचे जाळेही चालते, पण त्याची आस मोठी पाहिजे. जाळ्याच्या विणीतल्या भोकाला आस म्हणतात. जाळे उचलले की पिल्ले त्यातून निसटून गेली पाहिजेत. आज सुटलेले पिल्लू पुढे किलोच्या वजनाने हाती येते.

मरळ माशाची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मरळीची पिल्ले तांबूस थव्याने पाण्यावर फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. त्या वेळी आईबापांना मारले, तर पोरकी पिल्ले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. असा थवा दिसला तर तिथे जाळे टाकू नये.

तलावातला मासा कोणाचा?

आपल्या सिल्लोड तालुक्यात अजिंठा-अंधारी, खेळणा असे प्रकल्प आहेत. अशा तलावांत कटला, रोहू, मृगळ हे मासे वाढवतात. हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. म्हणून तलावात दरवर्षी त्यांचे बीज सोडावे लागते.

पूर्वी हे बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना सुई टोचून अंडी घालायला लावली. तेव्हापासून बीज तयार करता येऊ लागले. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन पाळतात.

तलावातल्या मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो. पुष्कळ ठिकाणी तो मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पदरचे पैसे घालून बोटुकली सोडते. म्हणून तिथे परवानगी काढूनच जाळे टाकावे. रात्री चोरून जाळे टाकणे आणि दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडणे, दोन्ही सारखेच.

कायदा

मासे राखण्याचा कायदा इंग्रजी अमलात १८९७ साली झाला. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणाऱ्याला त्यात दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मग राज्याचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा आला. तो १९६० चा कायदा म्हणून ओळखला जातो. सुरुंग आणि विष यांना त्यातही मनाई आहे.

परवान्यावाचून जिलेटिन बाळगणे हा वेगळा गुन्हा आहे. वीज चोरणे हा आणखी एक गुन्हा आहे. वीजचोरीला २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

समुद्रावरही असेच नियम आहेत. अंडी घालण्याच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलै महिन्यांत, कोकणातल्या यांत्रिक बोटी किनाऱ्याला बांधून ठेवतात. दर्यावरचे कोळी बांधव दोन महिने कळ सोसतात. मग आपल्या लहानशा नदीला चार दिवस विसावा द्यायला काय हरकत आहे?

आपण काय करावे

डोहात मासे मेलेले दिसले तर आधी गुरे आणि मुले पाण्यापासून दूर ठेवा. ते मासे खाऊ नका, विकू नका. पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवा. ११२ या क्रमांकावर फोन करा. एकट्याला भीती वाटली तर पाच जण मिळून जा. पण गप्प बसू नका. आम्ही गप्प बसलो, आणि त्या डोहात पुढे तीन पावसाळे मरळ दिसली नाही.

शब्दांचे अर्थ

कणगी – धान्य साठवण्याचे मोठे वेताचे किंवा कुडाचे भांडे
आस – जाळ्याच्या विणीतले भोक
तंगूस – जाळ्याचा नायलॉनचा बारीक दोरा
बोटुकली – बोटाएवढी वाढलेली माशाची पिल्ले

प्रश्न

१. उन्हाळ्यातल्या डोहाला बियाण्याची कणगी का म्हटले आहे?
२. मासे मारण्याच्या कोणत्या पाच रीती वाईट आहेत?
३. जाळ्याची आस मोठी का असावी?
४. तुमच्या गावच्या नदीत किंवा तलावात पूर्वी कोणते मासे होते? आज कोणते आहेत? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.