कॉमर्सवाल्यांना क्लाउड जमेल का?

प्रश्न : मी बी.कॉम. आहे, एका शोरूममध्ये अकाउंट्स पाहते. एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेची ‘क्लाउड प्रॅक्टिशनर’ परीक्षा द्यायचीय, पण कोडिंग येत नाही. ओळखीतले एक जण म्हणतात, ‘डम्प’ (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) पाठ करा, पास व्हाल. काय करू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, या परीक्षेत कोडिंग विचारतच नाहीत. ९० मिनिटांत ६५ बहुपर्यायी प्रश्न, १००० पैकी ७०० गुण मिळाले की पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. बिलिंग आणि दर हा तर त्यातला स्वतंत्र विभाग आहे. रोज हिशेब पाहणाऱ्या तुम्हाला तो जड जाणार नाही.

डम्पच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नका. ते नियमबाह्य आहे, निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय मुलाखतीत ‘हे करून दाखवा’ म्हटलं की पाठांतर उघडं पडतं.

एडब्ल्यूएसच्याच ‘स्किल बिल्डर’ या प्रशिक्षण साइटवरचा मोफत कोर्स करा आणि हात चालवा. एडब्ल्यूएसवर खातं उघडलं की सगळ्यात आधी बजेट अलर्ट लावा. ईसी२ या तिथल्या सर्व्हर-सेवेवर एक छोटा सर्व्हर सुरू करून बघा. काम झालं की ‘स्टॉप’वर थांबू नका, ‘टर्मिनेट’ करा. थांबवलेल्या सर्व्हरच्या डिस्कचे पैसे चालूच राहतात.

इंग्रजीचं दडपण असेल तर ३० मिनिटं जादा मिळतात, पण तो अर्ज परीक्षेची तारीख घेण्याआधीच करावा लागतो. फी १०० डॉलर, वर कर.