वहीला हात न लावता

चि. भाच्यास,


आजोबांच्या पिंडदानाला आपण रामकुंडावर गेलो होतो, आठवतं? तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, नामावळीची वही उघडली आणि पणजोबांच्याही मागची नावं वाचून दाखवली. वही मात्र कुणाच्या हाती दिली नाही. अंबडच्या नव्या नोकरीत साहेबांनी तुला क्लाउडवरची कर्मचाऱ्यांची नोंद एक्सेलमध्ये आणायला सांगितली, हे ऐकून मामाला तीच वही आठवली.

मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (२०२३ पासून तिचं नाव एन्ट्रा आयडी) हीसुद्धा अशीच वही. ती ग्राफ एपीआयमार्फत बोलते, एक्सेलला कळतात रकाने आणि ओळी. मधला दुभाष्या म्हणजे ओडीबीसी ड्रायव्हर. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी आणलं ते डेटाबेससाठी. आता क्लाउड सेवांसाठीही तसे ड्रायव्हर मिळतात. तू एसक्यूएलमध्ये विचारतोस, ड्रायव्हर ते तिच्या भाषेत विचारतो. एक्सेलला वाटतं, समोर साधा तक्ता आहे.

पहिली ठेच बिटांची. एक्सेल ६४ बिटांचं असेल तर ड्रायव्हरही ६४चाच हवा. गंमत अशी, की विंडोजमध्ये सिस्टीम३२ या फोल्डरातलं ओडीबीसीचं साधन ६४ बिटांचं, आणि नावात ६४ मिरवणाऱ्या फोल्डरातलं ३२चं! यात भल्याभल्यांची दुपार गेली आहे.

मग परवानगी. आयटीवाले उदारपणे सगळे अधिकार देऊ लागले तरी घेऊ नकोस. यादी वाचायची तर फक्त वाचण्याचा अधिकार पुरे. लिहिण्याचा अधिकार असलेली किल्ली चुकून कुणाच्या हाती पडली, तर उद्या कुणाचंही खातं बंद होईल आणि बोट तुझ्याकडे वळेल.

यादी आली की आधी ओळी मोज. ग्राफ एपीआय एका पानावर मुळात १०० माणसं देतं, मागितली तर ९९९पर्यंत. पुढची पानं ड्रायव्हरने उलटायची असतात. मामाने एकदा एका कारखान्याच्या जुन्या डिरेक्टरीतून यादी काढली, तर नेमकी १००० नावं आली. गोल आकडा पाहून समाधानही वाटलं. पगारपत्रकाशी ताडल्यावर कळलं, की जुन्या डिरेक्टरीत एका पानाची मर्यादाच हजाराची होती आणि पुढचं पान कुणी मागितलंच नव्हतं. याहून मोठी फजिती इंग्लंडची. २०२० मध्ये जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा आड आली आणि कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर नोंदलेच गेले नाहीत. कुठलाही इशारा वाजला नाही.

ओळी जुळल्या तरी खाती बघ. नोकरी सोडलेल्यांची बंद खातीही यादीत येतात. ती गाळल्याशिवाय हजेरीपट जुळणार नाही.

एवढा खटाटोप कशाला, सीएसव्ही काढून मोकळं व्हावं, असं तुला वाटेल. तसं केलंस तर टोकन नंबर ००४७ उघडताक्षणी ४७ होतो, आणि देवनागरी नावांची कधी कधी अशी चिन्हं होतात की ज्याचं नाव त्यालाही वाचता येऊ नये. ड्रायव्हर मजकूर मजकुराच्याच रूपात देतो. शिवाय महिन्याभराने रिफ्रेश दाबलं की ताजी यादी.

रविवारी जेवायला ये. लॅपटॉप आण, मामा ड्रायव्हर बसवून दाखवेल. कंपनीची यादी मात्र कंपनीतच ठेवून ये.

तुझा
मामा, नाशिकरोड