टोपण, चमचा आणि टेकू

गॅदरिंगच्या दिवशी थंड पेयांच्या बाटल्या येतात, पण ओपनर सापडत नाही. मग कोणी तरी दात पुढे करतो. त्याची काहीच गरज नाही.

दातेरी पत्र्याच्या टोपणाचे पेटंट अमेरिकेतील विल्यम पेंटर यांनी 1892 साली घेतले. आज या टोपणाला बहुधा 21 दाते असतात. ते काचेच्या कडेला घट्ट धरतात, म्हणून टोपण ओढून निघत नाही, उचकटावे लागते.

बाटलीची मान टोपणालगत डाव्या मुठीत आवळावी. तर्जनीवर रुमाल गुंडाळून तिचा टेकू करावा. जाड चमच्याचे टोक दात्यांखाली अडकवून दुसरे टोक खाली दाबावे. टेकूपासून टोपण 2 सेंटिमीटर व दाबणारा हात 12 सेंटिमीटर दूर असेल, तर बल सहापट होते. ही पहिल्या प्रकारची तरफ; नेहमीचा ओपनर दुसऱ्या प्रकारची. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लांब दांडीच्या पान्याने घट्ट नट सुटतो, तोही भुजेच्या लांबीमुळेच.

काचेचा टवका उडाला, तर पेय ओतून द्यावे. आणि दात वापरू नयेत. मोठेपणी तुटलेला दात पुन्हा उगवत नाही.