दाढी, पुटकुळ्या आणि टी ट्री तेलाची बाटली

दाढीनंतर मानेवर उठणाऱ्या पुटकुळ्या दाखवायला येणाऱ्या तरुणांच्या तोंडी हल्ली एक वाक्य हमखास असतं : "डॉक्टर, टी ट्री ऑइलसुद्धा लावून बघितलं." जरा खोदून विचारलं की कळतं, बाटलीतलं तेल थेट बोटावर घेतलं होतं, दाढी झाल्या झाल्या चोळलं होतं आणि आग आग झाली तेव्हा औषध लागू पडतंय असं वाटून दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळलं होतं. जे झोंबतं तेच गुणकारी, ही आपली समजूत जुनी आहे. गुडघा फुटल्यावर आयोडिनचा बोळा लावून घेत मोठ्या झालेल्या पिढीने ती पुढच्या पिढीला दिली. ताज्या दाढीच्या कातडीवर मात्र ती महागात पडते.

या तेलाशी माझं भांडण नाही. त्यात दम आहे आणि काही बाबतींत चांगला पुरावाही आहे. पण दाढीच्या बहुतेक तक्रारी ब्लेडने आणि हाताने केलेल्या असतात. त्या तेलाने निस्तरत नाहीत. म्हणून आज आधी दाढीबद्दल बोलू आणि मग बाटलीकडे वळू.

मानेवरच्या अशा पुटकुळीवर भिंग धरलं की बऱ्याचदा आत एक बारीक काळी रेघ दिसते, कधी अर्धवट वेटोळं. तो दाढीचाच केस असतो. राठ आणि कुरळा केस कापल्यानंतर वाढताना सरळ वर येत नाही. तो वळतो आणि शेजारच्या कातडीत शिरतो, किंवा बाहेर न पडता आतल्या आत वाढतो. ब्लेडने तिरका कापलेला असल्यामुळे त्याचं टोक अणकुचीदार झालेलं असतं. शरीर त्याला बाभळीचा काटा रुतल्यासारखं वागवतं : भोवती सूज, लाली, खाज, कधी थोडा पू. इथे मूळ कारण जंतू नसतात, त्यामुळे जंतुनाशक कितीही लावलं तरी रुतलेला केस रुतलेलाच राहतो.

दुसरा प्रकार केसतोड्याचा. यात केसाच्या मुळाशी खरोखर जंतुसंसर्ग होतो, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकसचा. पांढरं तोंड, मधोमध केस आणि हात लावला की ठणका, ही त्याची ओळख. तिसरा प्रकार कमी आढळतो, पण तो चुकवून चालत नाही. दाढीच्या भागात बुरशी, म्हणजे गजकर्णाचाच भाऊबंद. कडेला लाल, मध्ये निवळलेला, खाजणारा आणि पसरत जाणारा चट्टा दिसला तर घरचे प्रयोग थांबवा. मेडिकल दुकानातून "खाजेची ट्यूब" आणू नका, कारण त्यात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस खाज थांबते, आत बुरशी फोफावते आणि मग चट्टा असा काही रूप बदलतो की आम्हालाही ओळखायला वेळ लागतो. अशा ट्यूबांनी बिघडवलेले चेहरे ही आजच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागातली रोजची गोष्ट झाली आहे.

आता प्रत्यक्ष दाढी. ती आंघोळीनंतर करा. पाण्याने केस फुगतो, मऊ होतो आणि ब्लेडला कमी जोर लावावा लागतो. आंघोळीआधीच करायची असेल तर कोमट पाण्याचा रुमाल दोन-तीन मिनिटं दाढीवर धरा. फेस लावल्या लावल्या ब्लेड फिरवू नका, तो थोडा मुरू द्या. नुसत्या साबणाच्या वडीवर दाढी करणाऱ्यांची कातडी कोरडी पडते. त्यांनी दाढीचं क्रीम किंवा जेल वापरावं.

खरी गोम दिशेची आहे. गालावरचे केस साधारण खाली वाढतात, पण मानेवर त्यांचा कारभार वेगळा असतो : कुठे आडवे, कुठे वर, तर कंठाच्या बाजूला भोवऱ्यासारखे. दोन दिवसांची खुंटं वाढू द्या आणि मानेवरून चारही बाजूंनी बोट फिरवा. ज्या बाजूला बोट अडखळत नाही ती केसांची दिशा. ब्लेड त्याच दिशेने चालवा. सलूनमध्ये "उलटा हात मारू का?" असं विचारलं जातं, तेव्हा पुटकुळ्यांचा त्रास असलेल्यांनी निःसंकोच नाही म्हणावं. उलट्या हाताने गाल गुळगुळीत होतो खरा, पण त्यासाठी केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो आणि वर येताना वाट चुकतो. कातडी ताणून धरण्याचाही तोच परिणाम. तीन-चार पात्यांच्या महागड्या रेझरचंही काहीसं असंच आहे, पहिलं पातं केस ओढतं आणि मागचं खाली कापतं. ज्याला त्रास नाही त्याने ते खुशाल वापरावं. ज्याला आहे त्याने एका पात्याचा साधा रेझर घ्यावा, नाहीतर सरळ ट्रिमर घेऊन मिलिमीटरभर खुंटं ठेवावीत. हल्ली तशी दाढी शोभूनही दिसते. पोलीस आणि सैन्यदलातल्या लोकांना ही सोय नसते याची मला कल्पना आहे. त्यांना मी निदान उलटा हात सोडायला सांगतो.

पातं पाच-सात दाढ्यांनंतर बदलावं. बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लागला की केसांबरोबर कातडीचा वरचा थरही खरवडला जातो. रेझर धुऊन कोरड्या जागी ठेवा, न्हाणीघरातल्या ओल्या फळीवर नाही. सलूनमध्ये वस्तऱ्यात नवं ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत घातलं जातंय ना, हे पाहायला लाजू नका. हिपॅटायटिस बी रक्ताच्या अगदी सूक्ष्म अंशातूनही पसरू शकतो. तुरटीचा खडा सगळ्यांच्या गालावरून फिरलेला असेल तर तो नको म्हणा. घरी स्वतःची तुरटी ठेवा. बारीक कापलं तर रक्त थांबवायला ती छान आहे.

एवढं केलं की अनेकांच्या पुटकुळ्या काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. फारच जोर असेल तर महिनाभर दाढी पूर्ण बंद ठेवावी लागते. रुतलेले केस त्या काळात वाढून स्वतःहून मोकळे होतात. चिमट्याने उपटू नका, उपटलेल्या जागी नवा केस पुन्हा आतच अडकू शकतो.

आता तेल. ते येतं मेलॅल्युका अल्टर्निफोलिया या झाडाच्या पानांतून, वाफेच्या ऊर्ध्वपातनाने. चहाच्या मळ्याशी याचं काही नातं नाही. उलट हे आपल्या जांभूळ, पेरू आणि लवंगेच्या कुळातलं, आणि निलगिरीही त्यातलीच. म्हणून बाटली उघडली की वास ओळखीचा वाटतो. मूळ ठिकाण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा ईशान्येकडचा दलदलीचा किनारपट्टा. तिथले बंडजलुंग आदिवासी याची पानं चुरडून जखमांवर बांधत. १९२०च्या दशकात सिडनीतले रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी या तेलाची जंतुनाशक ताकद मोजली. त्या काळी जंतुनाशकांचं माप असलेल्या कार्बोलिक आम्लाच्या ती ११ पट भरली. त्यातला मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल. चांगल्या तेलात तो ३५ ते ४८ टक्के असावा, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. बाजारातल्या स्वस्त बाटल्यांवर याचा उल्लेख शोधा, सापडला नाही तर बाटली परत ठेवा.

सर्वात चांगला पुरावा मुरुमांसाठी आहे. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ५ टक्के टी ट्री जेलची तुलना ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडशी केली गेली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेलाला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि आग कमी झाली. यातला ५ हा आकडा लक्षात ठेवा. बाटलीत असतं ते १०० टक्के. म्हणजे थेट लावणारा माणूस अभ्यासातल्या औषधाच्या २० पट तीव्र तेल लावत असतो.

पातळ कसं करायचं, यातही एक गंमत आहे. अनेकजण दाढीच्या मगातल्या पाण्यात चार थेंब टाकतात. तो मग उजेडात धरून बघा : तेल पाण्यात मिसळत नाही, वर चकाकते ठिपके तरंगत राहतात. पाण्याची ओंजळ तोंडावर मारली की त्यातला एखादा ठिपका जसाच्या तसा, शंभर टक्के, गालावर येऊन बसतो. तेल पातळ करायचं ते दुसऱ्या तेलात किंवा क्रीममध्ये. हिशेब सोपा आहे. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे एका छोट्या चमच्यात, ५ मिलिलिटरमध्ये, एक थेंब टाकला की मिश्रण १ टक्क्याचं झालं. दाढीच्या भागासाठी एवढं पुरे. बिनवासाच्या साध्या मॉइश्चरायझरमध्ये ते तळहातावर नीट कालवा. खोबरेल मला स्वतःला प्रिय आहे, पण मुरुमांच्या चेहऱ्यावर ते रंध्रं बुजवतं, तेव्हा ते पायांसाठी ठेवा.

आणि वेळ? दाढीनंतर लगेच अजिबात नको. ब्लेड फिरल्यावर कातडीचा वरचा संरक्षक थर विरळ झालेला असतो आणि एरवी चालून जाणारी वस्तूही आत शिरून झोंबते. सकाळी दाढी केली तर मिश्रण रात्री, चेहरा धुऊन पुसल्यावर, फक्त पुटकुळ्यांच्या जागी लावा. दाढीनंतर लगेच गार पाणी आणि साधा मॉइश्चरायझर, बस्स. स्पिरिटवाल्या आफ्टरशेव्हचीही गरज नाही, वासाचा शौक असेल तर तो शर्टावर भागवा.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी तेच मिश्रण रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. एकदा लावून काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. या तेलाची ॲलर्जी उशिरा कळणारी आहे : कातडी आधी तेल "ओळखायला" शिकते आणि मग पुढच्या वापरानंतर दोन-तीन दिवसांनी खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड येतात. एकदा ॲलर्जी झाली की ती बहुधा जन्मभर टिकते. तेव्हा साबण, शॅम्पू, फेसवॉश, सगळ्यांची लेबलं वाचत बसावं लागतं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीबद्दल वेगळं सांगायला हवं. गोऱ्या कातडीवर आग झाली की लाली येते आणि जाते. आपल्याकडे लाली गेल्यावर मागे काळा डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. माझ्याकडे येणाऱ्यांतले कित्येक जण पुटकुळ्यांपेक्षा त्या डागांनीच जास्त हैराण असतात आणि डाग घालवायला आणखी तिखट काहीतरी लावतात. मुरुमांसाठी ॲडापॅलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर त्याच जागी टी ट्री तेल नको. दोन तिखट गोष्टी एकमेकींची भरपाई करत नाहीत, त्यांची बेरीज होते.

इतर वापर थोडक्यात. कोंड्यासाठी ५ टक्क्यांच्या शॅम्पूला आधार आहे. २००२ साली १२६ जणांवर चार आठवडे झालेल्या चाचणीत कोंडा ४१ टक्क्यांनी घटला, नुसत्या शॅम्पूने ११ टक्क्यांनी. दाढी-मिशीत कोंडा धरणाऱ्यांनीही असा शॅम्पू काही मिनिटं लावून धुवायला हरकत नाही. पावसाळ्यातल्या चिखल्यांसाठी मात्र मी हे तेल सुचवत नाही. १० टक्क्यांच्या क्रीमने खाज कमी झाली, पण बुरशी मेली नाही. २५ आणि ५० टक्क्यांनी मेली, पण काहींच्या पायांवर तेलानेच पुरळ उठवला. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोलचं साधं क्रीम आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, हे स्वस्तही आहे आणि खात्रीचंही. काखेतले किंवा पायांवरचे केस काढणाऱ्या स्त्रियांना दाढीचे वर सांगितलेले सगळे नियम लागू. जांघेत, गुप्तांगाजवळ, डोळ्यांभोवती आणि ओठांवर हे तेल लावू नये. गरोदरपणात आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हे तेल पोटात घ्यायचं नाही, गुळण्यांसाठीसुद्धा नाही. १० मिलिलिटरपेक्षा कमी तेल प्यायलेली लहान मुलं गुंगीत जाऊन, तोल सुटून रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. असं झालं तर उलटी करायला लावू नका. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याच्या पिसवांसाठीही हे वापरू नका, त्यांना ते विषारी ठरतं.

शेवटचं, बाटलीच्या वयाचं. तेल हवा आणि उजेड लागला की बदलत जातं आणि ॲलर्जी करणारे घटक प्रामुख्याने या बदलातूनच तयार होतात. म्हणून गडद काचेची, लहान बाटली घ्या, झाकण घट्ट लावा आणि थंड, अंधाऱ्या कपाटात, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहा. सहा महिने, फार तर वर्ष झालं की किती उरलंय ते न बघता टाकून द्या. भावाने परदेशातून तीन वर्षांपूर्वी आणलेली अर्धी बाटली जपून ठेवली असेल, तर तीही त्यातच आली.