लेण्यांजवळचं काम आणि थकलेला पगार

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि पैसा

महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर, मागाठाणे. मुंबईच्या उपनगरांत लेण्यांच्या अगदी कडेपर्यंत इमारती आल्या आहेत. बांधकामाच्या परवानगीसाठी वारशाची पाहणी करून अहवाल देणाऱ्या खासगी संस्थाही त्याबरोबर वाढल्या. पुरातत्त्व शिकलेल्या अनेक मुलामुलींना पहिली नोकरी तिथेच मिळते. या कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं आज घेतली आहेत.

प्रश्न : मी प्राचीन भारतीय संस्कृती विषयात एमए केलं आहे. अंधेरीतल्या एका वारसा सल्लागार संस्थेत आठ महिने काम करते. नियुक्तिपत्र नाही, महिना २२ हजार रुपये ‘स्टायपेंड’ तोंडी ठरला. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात, कधी ऑफिसात तर कधी साइटवर. तीन महिने पैसे मिळालेले नाहीत. विचारलं की ‘बिल्डरकडून आले की देऊ’ असं उत्तर मिळतं. एका संरक्षित लेण्याजवळच्या पुनर्विकासासाठी पाहणी करताना मला प्लॉटच्या कडेला, राडारोड्याखाली, कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्याचं तोंड दिसलं. ही नोंद अंतिम अहवालातून काढायला सांगितलं आहे. ‘सही कर, थकबाकी एकरकमी देतो’ असा फोन आला. मी काय करावं?
– एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : सही करू नका. तीन महिन्यांचा पगार तुम्ही काम करून आधीच कमावला आहे. अहवालात काय लिहिलं जातं यावर तो अवलंबून राहू शकत नाही.

आधी पैशांचं पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या व्यापक आहे. कुशल, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचं काम करणारे सगळे तिच्यात येतात. तुमची वेळ ते ठरवतात, काम ते सांगतात, दरमहा ठरलेली रक्कम देतात, म्हणजे तुम्ही कर्मचारी आहात. रकमेला ‘स्टायपेंड’ म्हटल्याने तुम्ही शिकाऊ उमेदवार ठरत नाही. त्यासाठी शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ प्रमाणे रीतसर नोंदलेला करार लागतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि नोकरी सोडली तर सगळा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. बिल्डरने संस्थेचे पैसे थकवले असतील, तर तो त्या दोघांचा व्यवहार आहे. त्याची झळ तुमच्या पगाराला लागता कामा नये.

दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. दावा मान्य झाला तर थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. त्यामुळे कागद नाही म्हणून हातपाय गाळू नका. आधीच्या पाच पगारांच्या बँकेतल्या नोंदी, ‘उद्या साडेनऊला साइटवर ये’ असे व्हॉट्सअ‍ॅप निरोप, ऑफिसचे ईमेल, तारीख-वेळ असलेले साइटचे फोटो, हे सगळं पुराव्यात चालतं. आजच त्याची एक प्रत घरी ठेवा. मग एक साधा ईमेल पाठवा. अमुक तीन महिन्यांचे ६६ हजार रुपये येणं आहे, ते पंधरा दिवसांत द्यावेत, एवढंच त्यात लिहा. उत्तर आलं नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात अर्ज करा. नियुक्तिपत्रही लेखी मागा. नव्या कामगार संहितांनुसार ते देणं मालकाचं कर्तव्य आहे.

आता टाक्याबद्दल. साष्टीच्या, म्हणजे मुंबईची उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याच्या, कातळात पाण्याचं टाकं म्हणजे माणसांच्या वावराची खूण. कान्हेरीच्या लेण्यांत विहारांच्या दाराशी अशी टाकी आहेत, त्यांत पावसाचं पाणी आणणाऱ्या पन्हळी कातळात कोरल्या आहेत. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आणि विलेपार्ल्याचं साठ्ये महाविद्यालय यांनी साष्टीत पायी पाहण्या केल्या, त्या अशाच लहान खुणा टिपण्यासाठी. संरक्षित यादीत नाव असलेल्या लेण्याला १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचं कवच आहे. यादीबाहेरच्या टाक्याला ते नाही. कोणीतरी केलेली लेखी नोंद हाच त्याचा आधार असतो. ती अहवालातून गेली की जेसीबी चालवणाऱ्याला ते कळण्याचा मार्गच उरत नाही.

म्हणून तुमच्या फील्ड डायरीचं ते पान नीट पूर्ण करा. तारीख, वेळ, टाक्याच्या तोंडाची लांबी-रुंदी, टेप किती खोल गेली आणि राडारोड्यामुळे कुठे अडली, छिन्नीचे घाव कुठल्या बाजूला दिसतात, लेण्यापासूनचं अंतर, आणि मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो. डायरीच्या पानाचा फोटो जोडून वरिष्ठांना लिहा, ‘आपण फोनवर ही नोंद वगळायला सांगितली. ती वस्तुस्थिती असल्याने मी ती वगळू शकत नाही. नोंद नसलेल्या अहवालावर माझं नाव घालू नये.’ फोनवरची गोष्ट त्यामुळे कागदावर येते. संस्थेने ऐकलं नाही, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला टाक्याची जागा लेखी कळवा. पत्रात तुम्ही पाहिलेलंच लिहा, कोणाच्या हेतूबद्दल लिहू नका. त्याआधी समाजमाध्यमांवर फोटो टाकू नका.

गोपनीयतेच्या अटीवर सही झाली असेल तर घाबरू नका, पण ती अट आधी वकिलाला दाखवा. कायद्याला बगल देण्यासाठी केलेला करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे टिकत नाही. तिथे स्वतः खणूही नका. उत्खननाला परवाना लागतो. खापरं किंवा नाणी दिसली तरी ती घरी आणू नका. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली की १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. उपनगर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे.

राहिलं नाव. नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर मालकाचा असतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाला दोन हक्क राखून देतं. हे लिखाण माझं आहे असं सांगण्याचा एक, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा दुसरा. तुमच्या मजकुरातून टाकं काढून तो तुमच्या नावाने सादर होत असेल, तर हे कलम तुमच्या बाजूने उभं आहे.

प्रश्न : मी स्वतंत्रपणे काम करतो. लेणी आणि शिलालेखांचं दस्तऐवजीकरण, रेखाटनं, मोजणी. एका सल्लागार कंपनीकडे माझं १ लाख ८० हजारांचं बिल सात महिने अडकलं आहे. टीडीएस कापल्याचं आयकर पोर्टलवर दिसतं, पैसे मात्र आलेले नाहीत.
– एक वाचक, बोरिवली पश्चिम

उत्तर : काम घेण्यापूर्वी तुमची उद्यम नोंदणी झाली होती का, हे आधी पाहा. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते आणि ती मोफत होते. नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय अशी थकवलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत कंपनीला आयकरात तिची वजावट मिळत नाही. कंपनीच्या हिशेबनिसाला हा मुद्दा लेखी कळवा.

नोंदणी नसेल तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग आहे. त्याला मुदत तीन वर्षं. कापलेला टीडीएस म्हणजे तुमचं देणं त्यांच्या हिशेबात आहे याचा उपयोगी पुरावा. त्या पानाची प्रिंट काढून ठेवा.

पुढच्या कामाला एका पानाचा करार करा. काही रक्कम आगाऊ, काही प्रत्यक्ष पाहणी संपल्यावर, उरलेली अहवाल दिल्यावर. त्यात हे वाक्य असू द्या : ‘मानधन अहवाल सादर केल्यावर देय राहील. प्रकल्पाला परवानगी मिळणं किंवा न मिळणं यावर ते अवलंबून नसेल.’ ब्रिटनमध्ये १९९० च्या नियोजन धोरणानंतर विकासकाच्या खर्चाने पुरातत्त्व पाहणी करण्याची पद्धत रुळली. तिथे पैसे बिल्डरचे असले तरी पाहणी कशी व्हावी हे स्थानिक नियोजन यंत्रणेचे पुरातत्त्वज्ञ तपासतात. आपल्याकडे ते तपासणारं तिसरं माणूस बहुतेक वेळा नसतं. म्हणून हे वाक्य तुम्हालाच लिहून घ्यावं लागेल.

प्रश्न : आमची सोसायटी महाकाली लेण्यांपासून जवळ आहे. एक सल्लागार म्हणतो, ‘अनुकूल अहवाल देतो, एनओसीची हमी, अर्धी फी परवानगी आल्यावर.’ विश्वास ठेवावा का?
– सोसायटीचे सचिव, अंधेरी पूर्व

उत्तर : ठेवू नका. २०१० च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. तिथे १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती किंवा नूतनीकरण तेवढं परवानगी घेऊन करता येतं. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामालाही परवानगी लागते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतरच निर्णय होतो. विनापरवाना बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खासगी सल्लागाराच्या अहवालाने या मर्यादा बदलत नाहीत, त्यामुळे हमी द्यायला त्याच्या हाती काहीच नसतं.

सोसायटीने आधी अधिकृत मोजणी करून अंतर नक्की करावं. मग सल्लागार नेमताना पाहणी कोण करणार, त्यांची पदवी आणि अनुभव काय, हे लेखी घ्या. त्यांच्या नावानिशी अहवाल मागा आणि त्यांना वेळेवर पूर्ण पैसे द्या, निष्कर्ष तुमच्या सोयीचा असो वा नसो. तुमच्या जमिनीखाली काय आहे हे खरं सांगणारा माणूस बांधकामाआधी भेटला तर नकाशा बदलता येतो. पाया खणून झाल्यावर कळलं, तर काम थांबतं आणि सभासदांचे पैसे अडकतात.