सोडलेले मासे मोजू नका
हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात मी माशांच्या नोंदी ठेवतो. 1909 मध्ये काश्मीरहून आणलेल्या अंड्यांतून कुल्लूच्या बाजूला ब्राऊन ट्राउट आला आणि रुळला. पण डोहात ट्राउट दिसला म्हणजे तो तिथे सुखात आहे, असं धरून चालू नका. आमच्या एका ओढ्यात वरचेवर बोटुकली सोडली जायची. मोजणीत आकडा भरायचा, फोटोही छान यायचे. वरच्या अंगाला मात्र रस्त्याचं खोदकाम चालू होतं आणि राडारोडा सरळ उतारावर लोटला जात होता.

या माशाची मादी हिवाळ्याच्या तोंडाशी खडी उकरून तिच्यात अंडी पुरते. फटींतून पाणी खेळतं राहिलं तरच ती जगतात. गाळ बसला की आतल्या आत गुदमरतात. वरून पाणी नितळच दिसतं. तळाची मूठभर खडी पाण्यातच चोळून बघा. त्या ओढ्यात राखाडी लोट उठला.

म्हणून बोटुकली सोडण्याआधी प्रत्येकीचा मेदपर कापायला लावा. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे असलेला तो मऊ, बिनकाट्याचा छोटा पर. मुळापासून नीट कापला तर सहसा पुन्हा येत नाही. आम्ही खुणा सुरू केल्या आणि चित्र उघडं पडलं: बोटभर लांबीचा, पर शाबूत असलेला मासा जाळ्यात येईचना. ओढ्यात जन्मलेलं कुणी नव्हतंच.

मोठ्यांची तब्येत वजनावरून कळते. ग्रॅममधल्या वजनाला 100 ने गुणा आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा. 25 सेंटिमीटरचा मासा 156 ग्रॅम भरला तर उत्तर 1, म्हणजे ठीक. 125 ग्रॅम भरला तर 0.8, असा मासा डोक्याने मोठा, पोटाने खपाटीला गेलेला दिसतो. वजन दरवर्षी त्याच महिन्यात घ्या, अंड्यांवर आलेली मादी हिशेब बिघडवते. हात आधी ओले करा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते.

पाण्याचं तापमान उन्हाळ्यात दुपारी बघा. सकाळचा आकडा फसवा असतो. 20 अंशांच्या वर गेलं तर त्या दिवशी मासे धरूच नका. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मासेमारी बंद असते तेव्हा, मोजणीसाठीसुद्धा खडीत उतरू नका. अंडी पायाखाली येतात.