पवनचक्की रडारला कशी फसवते?

आपल्या सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडे इथल्या पठारांवर पवनचक्क्या आहेत. लांबून त्या सावकाश फिरताना दिसतात. पण मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. विमानतळाजवळ अशी पवनचक्की असली तर ती रडारला फसवते. ते कसे, हे मी तुम्हांला सांगणार आहे.

आधी रडारची माहिती घेऊ. १९३५ साली रॉबर्ट वॉटसन-वॉट या स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञाने रेडिओलहरींनी विमान ओळखून दाखवले. रडार गोल फिरत लहरी सोडते. त्या सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात आणि विमानावर आपटून परत येतात. आपण विहिरीत ओरडलो की आवाज परत येतो ना, तसेच. लहर किती वेळाने परत आली, यावरून विमान किती लांब आहे ते कळते. मग पडद्यावर ठिपका दिसतो.

पण लहरी डोंगरावर आणि इमारतींवरही आपटतात. म्हणून रडार एक युक्ती करते. जे हलत नाही ते सोडून देते आणि जे हलते तेवढेच दाखवते. हलते आहे हे कसे कळते? एस.टी. हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज बारीक लागतो आणि पुढे गेली की जाड होतो. हलणाऱ्या वस्तूवरून आलेली लहरही अशीच बदलते.

इथेच घोटाळा होतो. पवनचक्कीचा खांब जागेवर असतो, पण पाती जोरात फिरतात. रडारला वाटते, हे विमानच! रात्री माळ्यावर बसलेला राखणदार हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवतो. वाऱ्याने सगळे पीक हलू लागले तर रानडुक्कर कुठे आहे ते त्याला कसे कळणार? तसेच रडारचे होते. पुष्कळ पवनचक्क्या असल्या की पडद्यावर इथे तिथे खोटे ठिपके चमकतात.

तेवढ्या जागेचे ठिपके पुसून टाकले तर? मग तिथून जाणारे खरे विमानही दिसत नाही. मोठ्या विमानात एक यंत्र असते. रडारने विचारले की ते आपली ओळख सांगते. पवनचक्की ओळख सांगत नाही. पण काही लहान विमानांत ते यंत्र नसते, कधी ते बंदही पडते. मग नियंत्रण कक्षातल्या माणसाला ठिपका खरा की खोटा, ते कळत नाही. दोन विमाने एकमेकांपासून लांब ठेवायचे काम त्याचे. त्यात माणसांचा जीव असतो.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराच्या दक्षिणेला व्हाइटली नावाची जागा आहे. तिथे २००९ साली १४० पवनचक्क्या होत्या. पुढे ७५ वाढवल्या, म्हणजे एकूण २१५ झाल्या. त्यांची ताकद ५३९ मेगावॉट आहे. ग्लासगो विमानतळाच्या रडारला त्यांचा त्रास होणार होता. म्हणून किंकार्डिन गावाजवळ दुसरे रडार उभारले. तिथून त्या पवनचक्क्या दिसत नाहीत. त्यामुळे तेवढ्या जागेचे चित्र त्या रडारकडून घ्यायची सोय झाली. ही युक्ती मला फार आवडली. पवनचक्क्याही राहिल्या आणि विमानांचीही काळजी घेतली गेली.

आपल्याला वीज पाहिजे आणि विमानेही सुखरूप उतरली पाहिजेत. म्हणून पवनचक्की उभारताना नुसता वारा बघून भागत नाही. जवळपास रडार आहे का, हेही आधी बघावे लागते.

आता सांगा पाहू : वारा पडला आणि पाती थांबली, तर रडार पवनचक्कीला विमान समजेल का? उत्तर याच लेखात आहे. शोधून काढा!

— इयत्ता ४ थी